प्रतिध्वनीचा कागद

१

कूच सुरू झालं तेव्हा एक व्हायोलिन कमी होतं.

नामदिनाची, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवसाची, मैफल संपली की साल्झबुर्गातले वादक नुसते उठून जात नाहीत. वाजवत वाजवत फाटकाबाहेर पडतात, आणि पाहुणे उष्ट्या बश्या तशाच टाकून त्यांना निरोप द्यायला उभे राहतात. बारा ऑगस्टच्या त्या दुपारी मिठाचे व्यापारी लाउफनर यांच्या बागेत सातजणांनी कूच वाजवायला हवं होतं. उठले सहाच. बागेच्या मागच्या टोकाला, दाट कुंपणाआड एक लाकडी उन्हाळघर होतं आणि त्यात लांबून प्रतिध्वनी वाजवायला सातवा बसला होता, इग्नात्स श्पेर. तो काही आला नाही.

"प्रतिध्वनीला झोप लागली वाटतं!" एक पाहुणा म्हणाला, आणि सगळे हसले.

माळ्याला पाठवलं. तो गेला तसा परत आला आणि नुसता उन्हाळघराकडे बोट दाखवत राहिला. लाउफनर स्वतः धावले. इग्नात्स उन्हाळघराच्या फरशीवर कोपऱ्यात पडला होता. त्याच्याच गळ्यातला रेशमी रुमाल मागून कुणीतरी पिळला होता आणि तो इतका रुतला होता की दिसत नव्हता. चेहरा काळानिळा झाला होता. व्हायोलिन मात्र बाकावर नीट ठेवलेलं, शेजारी गज, समोर संगीताचे कागद लावायची लाकडी घोडी, तिच्यावर त्याचा कागद.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत न्यायाधिकारी ग्रूबमायर यांनी एकाला पकडलंही. हॉर्न हे पितळी वाद्य वाजवणारा फाल्टिन. वय अठ्ठावीस, अबोल, उंचापुरा.

वाल्बुर्गा श्टाइनर तेव्हा घरी बोटांवरची शाई लिंबाने घासत होती. गावातल्या निम्म्या संगीताच्या नकला ती करायची. नवरा नकलनवीस होता, तो गेल्यावर तिने लेखणी उचलली, त्याला बावीस वर्षं झाली. शेजारीण दारात येऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली.

"काय गं? अशी का बघतेस?"

"वाल्बुर्गा, तुझ्या फाल्टिनला साखळी घालून नेला."

२

"बाई, माझा नाइलाज आहे," ग्रूबमायर म्हणाले. सकाळचे नऊ वाजले होते. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या मुलींचे पियानोचे धडे वाल्बुर्गाच उतरवून द्यायची. "तुम्ही शहाण्या आहात, तुम्हीच ऐका. टाल्हामर मास्तरांच्या त्या रचनेत तुकडे किती?"

"सात."

"इग्नात्स वाजवतो फक्त पाचवा, तो संथ तुकडा. पुढे बसलेल्यांनी वाजवायचं आणि लांबून उन्हाळघरातून त्याने उत्तर द्यायचं. चाळीस माणसांनी त्याला शेवटच्या सुरापर्यंत ऐकलं. म्हणजे पाचवा तुकडा संपला तेव्हा तो जिवंत होता. सातव्यात सगळे सहाजण पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर वाजवत होते. राहिला कोणता?"

"सहावा. मिन्युएट, नाचाच्या चालीचा."

"मिन्युएटमध्ये हॉर्नला काम नाही. दोन हॉर्नवाले उठून गेले. एकजण स्वयंपाकघरात आचारणीसमोर डंपलिंगचे उकडलेले गोळे चापत होता. दुसरा तुमचा मुलगा. म्हणतो, विहिरीवर तोंड धुवायला गेलो होतो. आणि मोलकरणीने त्याला कुठे पाहिलं? उन्हाळघराच्या वाटेवर." त्यांनी टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला. "हे तुमच्याच हातचं अक्षर ना? 'सहावा तुकडा, हॉर्न गप्प.'"

वाल्बुर्गाने मान हलवली. अक्षर तिचंच. मास्तरांच्या मूळ वहीत त्या मिन्युएटला हॉर्नची ओळ होती, मग ती आडव्या रेघा मारून खोडली होती. मास्तर असे खाडाखोड करणारे नव्हेत, म्हणून तिच्या ते लक्षात राहिलं होतं. पण काल सकाळी विचार करायला सवड कुठे होती? वही हातात पडली सकाळी आठला, आणि बारा वाजता सगळे कागद बागेत हवे होते.

"आणि दारूच्या गुत्त्यात तो काय बोलला ते गावाला ठाऊक आहे," ग्रूबमायर खालच्या आवाजात म्हणाले. "इग्नात्सच्या गळ्याला हात घालीन म्हणाला."

म्हणाला होता खरा. कारणही गावाला ठाऊक होतं. टाल्हामर मास्तरांची मुलगी रेझी, वाल्बुर्गाची धर्मकन्या, गेल्या मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत साल्झाख नदीत बुडालेली सापडली होती. पोटुशी होती. इग्नात्सने चारचौघांत खांदे उडवले होते, 'माझं कशावरून?' म्हणून. आणि फाल्टिनचा रेझीवर लहानपणापासून जीव होता, हे सांगायला त्याने कधी तोंड उघडलं नसलं तरी आंधळ्यालाही दिसत होतं.

"फाशी?" तिने विचारलं.

"पुढच्या सोमवारी निकाल." ग्रूबमायर खिडकीबाहेर बघू लागले. "मागून गळा आवळलाय, बाई. त्याला दया नाही मिळत."

सहा दिवस. वाल्बुर्गाने शाल सावरली. "मला माझे कागद गोळा करायचेत. मैफलीनंतर ते माझ्याकडे येतात, तसा रिवाज आहे. आणि मुलाला भेटायचंय."

"भेटा. बागेतले कागद तिथेच आहेत. उन्हाळघरातला मी स्वतः रुमालात बांधून आणला, त्याला कुणी बोटही लावलेलं नाही. तो संध्याकाळी घेऊन जा. नोंद करायची राहिलीय."

३

कोठडीत ओल होती आणि फाल्टिन भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"मी नाही मारलं," तो म्हणाला. त्यापुढे काही नाही.

"ते मला सांगायला नको. विहिरीवर गेला होतास, तर उन्हाळघराच्या वाटेवर काय करत होतास?"

"चालत होतो."

"कुणी दिसलं?"

तो नखाने भिंतीची ओल खरवडू लागला.

"फाल्टिन, तुझ्या मानेभोवती दोर आहे रे गधड्या! मी विचारतेय, कुणी दिसलं का?"

"आई, तू घरी जा."

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. पाव आणि चीज त्याच्यापुढे ठेवलं. "एवढं तरी सांग. काल कागद तूच मांडलेस ना घोड्यांवर?"

"हो. सगळे. उन्हाळघरातलाही."

"माझा निरोप दिलास? आत शाई सुकवायची वाळू आहे, उघडताना झटका म्हणून?"

"सगळ्यांना दिला. इग्नात्स तेव्हा यायचा होता. त्याचा तसाच ठेवला." मग पुन्हा भिंतीकडे वळून तो म्हणाला, "तो आधी कागद बघतच नाही. मिजास त्याची."

४

लाउफनरांच्या बागेत खुर्च्या, घोड्या सगळं कालचंच होतं. टेबलावरचं जेवण तेवढं उचललं होतं. वाल्बुर्गा कागद गोळा करू लागली. कागद कसले, नुसते अंगठ्यांचे ठसे. शाई ओली असताना हाताळले होते बिचाऱ्यांनी. प्रत्येक घोडीखाली गवतावर चिमूट-चिमूट बारीक करडी वाळू पडली होती. तिच्याच वाळूदाणीतली. वेळ नव्हता म्हणून तिने शाई टिपून न घेता वाळू भरभरून टाकली होती आणि पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ती आत तशीच ठेवून कागद मिटले होते.

बेनेडिक्ट क्राल तिथेच आला, पहिलं व्हायोलिन वाजवणारा, म्हातारा, वैतागलेला. त्याचा गज कुठेतरी राहिला होता.

"वाल्बुर्गाबाई, फार वाईट झालं हो. तुमचा पोरगा असं करेल असं वाटलं नव्हतं."

"त्याने केलं असं मलाही वाटत नाहीये. तुमचं इग्नात्सशी बरं होतं का? तुमची जागा त्याला मिळणार होती म्हणे दरबारात."

"मिळणार होती, आणि तो कुत्रा मेला याचं मला सुतकही नाही. पण मी चाळीस माणसांपुढे बसून गज घासत होतो, तेव्हा मला सोडा." तो खुर्चीत टेकला. "एक मात्र बोलायला हवं. काल त्याने जे वाजवलं ना, तसं त्याने जन्मात वाजवलं नव्हतं."

"म्हणजे?"

"अहो, इग्नात्स म्हणजे नुसता चटपटीतपणा. बोटं पळतात, आत काही नाही. आणि काल? पहिली उत्तरं ठीक होती, आम्ही वाजवायचं तेच त्याने परत म्हणायचं. पण शेवटी मास्तरांनी गंमत केलीय. आम्ही थांबतो, आणि प्रतिध्वनीच आधी बोलतो. अगदी नवी धून. ती आम्ही ऐकलेलीच नाही, त्याच्या मागून आम्ही म्हणायची. बाई, ती धून आली कुंपणापलीकडून. मनात म्हटलं, याला काळीज आहे तर! शेजारचा म्हातारा ओस्वाल्ड रडत होता."

"नवी धून. ऐकून ऐकून वाजवता येणारी नव्हे?"

"कशी येईल? आधी कुणी वाजवलेलीच नाही. तालीम नाही, काही नाही. कागदावरच बघायची."

घरातून क्लारा लाउफनर बाहेर आली. कालचा नामदिन तिचाच. रात्रभर झोपली नसावी. वाल्बुर्गाने तिला एकच विचारलं, मिन्युएट चालू असताना टेबलावरून कोण उठलं होतं?

"आमचे हे तळघरात वाईन आणायला गेले, नोकर बरोबर होता. बाकी कुणीच नाही. उलट टाल्हामर मास्तर तेव्हाच आले." ती कडवट हसली. "एरवी आपलं संगीत सुरू झालं की लोकांत थांबत नाहीत ते, बागेत कुठेतरी भटकतात. म्हणतात, भाजलेल्या कोंबडीबरोबर मला ऐकवत नाही. काल मात्र मिन्युएटची पहिली ओळ संपते न संपते तोच येऊन माझ्या हाताचं चुंबन घेतलं. घामाने थबथबले होते. शेवटपर्यंत माझ्याशेजारी बसून होते. तुम्ही त्यांच्यावर तर...?"

"नाही, नाही," वाल्बुर्गा म्हणाली. आणि तिला खरंच तसं वाटत नव्हतं. मास्तरांनी तिला नवऱ्यामागे काम दिलं होतं. रेझीला तिने बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं.

जाताना ती उन्हाळघरात डोकावली. फरशी धुतलेली नव्हती. बाक, रिकामा बिअरचा मग, घोडी. घोडीखाली ती वाकून बघत राहिली.

तिथे फरशी स्वच्छ होती, वाळूचा कणही नव्हता.

५

संध्याकाळी ग्रूबमायरच्या कचेरीत कारकुनाने रुमाल सोडला आणि कागद तिच्यापुढे ठेवला. एक मोठा ताव मधोमध दुमडलेला. वर तिच्या अक्षरात 'प्रतिध्वनी', खाली 'श्री. इग्नात्स श्पेर'. बाहेरच्या पानावर एवढंच. सगळी धून आतल्या दोन पानांवर.

ती उचलायला गेली आणि तिचा हात थांबला. बावीस वर्षं कागद हाताळलेली बोटं ती. दुमडीवरून अंगठा फिरवला की आत काय आहे ते कळायचं.

तिने कागद होता तिथेच ठेवला.

"साहेबांना बोलवा," ती कारकुनाला म्हणाली. "आणि एक पांढरी बशी आणा."

"बशी?"

"बशी रे बाबा! जेवायची. पटकन."

६

ग्रूबमायर रात्रीच्या जेवणाआधीचा नॅपकिन गळ्यात अडकवूनच आले. "काय प्रकार आहे हा?"

"हा कागद काल दुपारपासून कुणी हाताळला?"

"मी. घोडीवरून उचलला आणि रुमालात बांधला. उघडला नाही. मला त्यातलं काय कळतंय?"

"मग आता उघडा. बशीवर धरून. मी हात लावणार नाही."

त्यांनी उघडला. पानं सुटताना हलका चरचर आवाज झाला आणि दुमडीतून करडी वाळू बशीत पडली. एक मोठी चिमूट. ग्रूबमायर बघतच राहिले.

"माझ्या वाळूदाणीतली आहे," वाल्बुर्गा म्हणाली. "कालच्या सगळ्या कागदांत होती. बागेत जाऊन बघा, प्रत्येक घोडीखाली सांडलीय, कारण प्रत्येकाने आपला कागद उघडला. हा उघडलेलाच नाही. मी मिटला, फाल्टिनने मांडला, तुम्ही बांधला. मध्ये कुणीही नाही."

"मग इग्नात्सने वाजवलं कसं?"

"तेच म्हणतेय मी, साहेब. इग्नात्सने वाजवलंच नाही."

ग्रूबमायरनी नॅपकिन ओढून काढला आणि बसले. "बाई, सावकाश सांगा."

"पहिल्या चार तुकड्यांत त्याला काम नव्हतं. बिअर पीत एकटा बसला होता. वाजवायची वेळ आली की कागद उघडायचा, अशी त्याची मिजास. ती वेळ आली तेव्हा तो कोपऱ्यात मरून पडला होता. चाळीस माणसांनी ऐकलं ते दुसऱ्या कुणाचं तरी वाजवणं. इग्नात्सच्याच व्हायोलिनवर, इग्नात्सच्याच प्रेताशेजारी. लोकांनी ते ऐकावं, म्हणजे त्या वेळी तो जिवंत होता असं तुम्ही धरून चालावं. तुम्ही धरलंतही."

"आणि फाल्टिन..."

"फाल्टिन पहिल्यापासून पाचव्या तुकड्याच्या शेवटच्या सुरापर्यंत हॉर्न तोंडाला लावून तुमच्या चाळीस साक्षीदारांपुढे बसला होता. संथ तुकड्यातही हॉर्न आहे. इग्नात्स आधीच मेला असेल तर माझा मुलगा मारणारा नव्हे."

ग्रूबमायर कागदाकडे टक लावून होते. "पण मग वाजवलं कुणी? समोरचं ऐकून कुणी चांगला वादक..."

"उत्तरं ऐकून देता येतील. शेवटची धून नाही. ती प्रतिध्वनीच आधी वाजवतो. क्रालला विचारा, ती त्याआधी कुणी ऐकलेली नव्हती. कागद न उघडता ती वाजवायची तर ती डोक्यात हवी." तिचा आवाज खाली आला. "काल दुपारी या गावात ती धून दोनच डोक्यांत होती. एक माझं, कारण मी ती उतरवली. मला व्हायोलिन धरताही येत नाही."

"आणि दुसरं?"

तिला ते नाव घ्यायचं नव्हतं. घेतलं की रेझीचा बाप फासावर जाणार, आणि नाही घेतलं तर फाल्टिन.

"ज्याने ती लिहिली त्याचं," ती म्हणाली. "त्याला कागद उघडायचं सुचलंच नाही. वाजवणाऱ्याला आधी कागद लागतो. लिहिणाऱ्याला लागत नाही."

७

टाल्हामर मास्तरांनी दार स्वतःच उघडलं. ग्रूबमायर, दोन शिपाई आणि मागे वाल्बुर्गा हे बघून त्यांनी नुसती मान डोलावली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण मार्चपासून सत्तरीचा दिसायला लागला होता. ग्रूबमायरनी बशीतल्या वाळूचं सांगितलं. मास्तरांनी डोळे मिटले.

"वाळू," ते म्हणाले. "वही उशिरा दिली मी मुद्दाम, तालीम होऊ नये म्हणून. तालीम झाली असती तर सगळ्यांनी ती धून ऐकली असती. त्या घाईत वाळू राहिली म्हणायची."

"तुम्ही मान्य करता?"

"सहा आठवडे तो तुकडा लिहीत होतो, साहेब. दोन व्हायोलिनं पुढे बसवली असती तरी चाललं असतं. पण मला तो एकटा हवा होता, लोकांपासून लांब. म्हणून प्रतिध्वनी. त्याला किती आनंद झाला, ठाऊक आहे? म्हणाला, मास्तर, माझ्यासाठी एकट्याचं काम लिहिलंत!" त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. "मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि त्याला विचारलं, रेझीने शेवटी काय म्हटलं होतं तुला? तो म्हणाला, कोण रेझी? बस्स."

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. वाल्बुर्गा पुढे आली.

"मास्तर, तुम्ही त्याला मारलंत याचं मला एवढंसंही वाईट वाटत नाही. देव मला क्षमा करो. मी गप्पही बसले असते. रेझी माझीही होती. पण मला एक सांगा. मिन्युएटमधली हॉर्नची ओळ तुम्ही लिहून मग खोडलीत. का?"

मास्तरांनी पहिल्यांदाच मान खाली घातली.

"ऐकायला बरी वाटत नव्हती म्हणून?"

"नाही."

"हॉर्नवाले दोन. एक खादाड, स्वयंपाकघराकडेच पळणार हे साऱ्या जगाला ठाऊक. दुसरा गर्दी टाळून बागेत एकटा फिरणार, हेही ठाऊक. त्याने गुत्त्यात काय म्हटलं तेही ठाऊक. म्हणून खोडलीत?"

"वाल्बुर्गा..."

"माझ्या हातून 'हॉर्न गप्प' लिहवून घेतलंत! माझ्याच पोराचा फास माझ्याच लेखणीने! हो की नाही ते सांगा."

"हो," ते म्हणाले. मग एकदम आवाज चढला, आणि तो आवाज त्यांचा वाटेना. "त्याला ठाऊक होतं! रेझीने त्याला सांगितलं होतं, पहिल्या महिन्यातच. तिच्या पेटीत तिची चिठ्ठी सापडली मला. 'फाल्टिनशिवाय कुणाला माहीत नाही, आणि तो शब्द मोडणार नाही.' मोडला असता तर? माझ्यापाशी येऊन एक वाक्य बोलला असता, तर मी तिला काय घरातून हाकललं असतं? मी तिला मांडीवर घेतलं असतं, वाल्बुर्गा! एक वाक्य! एकाने तिला फसवलं आणि दुसऱ्याने मरू दिलं. मी दोघांनाही एकाच कागदावर लिहिलं."

शिपायांनी मास्तरांच्या हातात साखळी घातली तेव्हा वाल्बुर्गा त्यांच्याकडे बघू शकली नाही.

८

फाल्टिन दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. तिने पाणी तापवलं, त्याच्या मनगटांवरचे वळ पुसले आणि त्याच्यापुढे सूप ठेवलं. तो खाली मान घालून जेवू लागला. बाहेर रस्त्यावर लोक ओरडून ओरडून बातमी सांगत होते, पण तिच्या घरात चमच्याचाच काय तो आवाज होता.

"त्या वाटेवर तुला मास्तर दिसले होते ना?" तिने विचारलं.

चमचा थांबला. "उन्हाळघरातून बाहेर येताना. मला त्यांनी पाहिलं नाही."

"आणि तू बोलला नाहीस. सोमवारी फासावर चढला असतास, तरी बोलला नसतास."

"आधी मला काहीच कळलं नव्हतं. इग्नात्स सापडल्यावर कळलं." त्याने हळूच मान वर केली. "रेझी म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस. मी नाही सांगितलं. मग ती गेली. मला वाटलं, मी बोललो असतो तर ती राहिली असती. मास्तरांचं सगळं माझ्यामुळे गेलं. निदान त्यांचा जीव तरी माझ्या तोंडून जायला नको."

"अरे देवा," ती म्हणाली. त्याच्यासमोर स्टुलावर बसली. तिला खूप राग आला होता आणि त्याहून जास्त रडू येत होतं. "बाळा, एकदा गप्प बसलास आणि ती पोर गेली. पुन्हा गप्प बसलास आणि तू जाणार होतास. कुणाचं भलं झालं रे या गप्प बसण्याने?"

तो सुपात पाव बुडवत राहिला. मग, अगदी लहान असताना विचारायचा तसं, त्याने विचारलं, "आई, मला धरतील हे मास्तरांना ठाऊक नव्हतं ना? ते तसं करणार नाहीत. माझ्यावर त्यांचा राग नव्हता."

'नव्हतं' म्हणणं फार सोपं होतं. पोर शांत झोपलं असतं. मास्तर महिन्याभरात जाणारच होते, आणि ग्रूबमायर व शिपायांखेरीज ते कुणी ऐकलं नव्हतं. त्यांना काही फाल्टिन विचारायला जाणार नव्हता.

वाल्बुर्गाने त्याचे दोन्ही हात धरले.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "हॉर्नची ओळ त्यांनी त्याचसाठी खोडली. तू रेझीचं त्यांना सांगितलं नाहीस म्हणून."

फाल्टिनने हात सोडवले नाहीत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा विस्कटला, आणि तो मोठ्याने, अगदी रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडू लागला.